पिवळी खूण आणि पुढचे ब्रेक

“दाबा!” गाडीखालून श्रीनिवास ओरडला.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून ब्रेकचं पेडल दाबलं.

“धरा!”

मी पाय तसाच रोवून ठेवला. खाली पाना फिरल्याचा आवाज आला. ब्रेक ऑइल नळीतून बाटलीत गेलं आणि माझ्या पायाखालचं पेडल हळूहळू तळाला टेकलं. पाना पुन्हा फिरला.

“सोडा!”

सकाळपासून आमचं हेच चाललं होतं. याला ब्लीडिंग म्हणतात. ब्रेकच्या पाइपात तेल भरलेलं असतं. तेल दाबलं जात नाही, त्यामुळे पायाचा जोर सरळ चाकापर्यंत पोचतो. पण त्यात हवा शिरली तर पाय फक्त हवाच दाबत बसतो आणि चाकाला काही कळत नाही. म्हणून ती हवा बाहेर काढायची. एकाने पेडलवर बसायचं, दुसऱ्याने चाकाजवळ निपल नावाची बारीक तोटी उघडायची आणि बंद करायची. माझे गुडघे कुरकुरत असल्यामुळे पेडलवर नेहमी मी असायचो. खाली श्रीनिवास.

पण पेडल काही कडक होत नव्हतं. पहिल्यांदा दाबलं की ओल्या स्पंजवर पाय दिल्यासारखं आत जायचं. लगेच परत दाबलं की जरा वर यायचं. आणखी एकदा दाबलं की बरं वाटायचं. थोडा वेळ थांबून पाहिलं की पुन्हा स्पंज.

दारात नातेपुत्याचे माने उभे होते. पोल्ट्रीचा मोठा व्यवसाय, आडवा बांधा, खणखणीत आवाज. आमच्या बाजूच्या पॉवरलूमच्या खडखडाटातही तो आवाज ऐकू यायचा.

“आवो अण्णा, सकाळधरनं दाबा-धरा, दाबा-धरा चाललंय. गाडी हाय का म्हस?”

“म्हस असती तर धार तरी निघाली असती की साहेब,” श्रीनिवास खालून म्हणाला.

माने हसले. मी हसलो नाही. सोमवारी ही गाडी घेऊन त्यांची मुलगी पल्लवी एकटी पुण्याला जाणार होती, आणि गाडीला ब्रेक नव्हते.

गाडीबद्दल थोडं सांगतो. लहान, लाल रंगाची हॅचबॅक, म्हणजे मागे डिकीऐवजी दरवाजा असलेली. त्या काळात कंपनीने त्या छोट्या गाडीत चांगलं मोठं इंजिन बसवलं होतं. अशा गाडीला हॉट हॅच म्हणतात. थोड्याच विकल्या गेल्या, कारण तेव्हा आपल्याकडे सगळे आधी ॲव्हरेज विचारायचे. मान्यांनी ती हौसेने घेतली होती. पल्लवी तिच्यातच गाडी चालवायला शिकली. नंतर गाडी पोल्ट्रीच्या शेडमध्ये पडून राहिली. पुण्यात नोकरी लागल्यावर पल्लवीने वडिलांना सांगितलं, नवी गाडी नको, हीच उभी करून द्या.

आम्ही ती उभी केली. पत्रा, रंग, वायरिंग, इंजिन, सगळं झालं. राहिले होते पुढचे ब्रेक. या गाडीचं मूळ दुखणंच ते होतं. पळायला वाघ आणि थांबायला शेळी. जुने ब्रेक परत बसवण्यापेक्षा मोठे बसवावेत, असं मीच मान्यांना सुचवलं.

चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा पकडतो तो कॅलिपर. एका मोठ्या सेडान गाडीच्या डिस्क आणि कॅलिपर मी भंगार बाजारातून स्वतः उभं राहून काढून आणले. ते या गाडीला बसावेत म्हणून मधल्या पट्ट्या लेथवर करून घेतल्या. माप बरोबर जमलं. डिस्कवर घासणारे नवे पॅड, नवे रबरी पाइप, नवं तेल, सगळं घातलं. बसवलं श्रीनिवासने.

श्रीनिवास माझ्याकडे पंधरा-सोळाव्या वर्षापासून होता. घर विणकरांचं, घरात तेलुगू. वडिलांनी मागावर आयुष्य काढलं, पण याला लहानपणापासून गाड्यांचं वेड. माझ्याकडेच तो हेल्परचा मिस्त्री झाला आणि मिस्त्रीचा हेडमिस्त्री. लग्नही माझ्याकडे असतानाच झालं. गिऱ्हाईक फोन करायचं तेव्हा आधी विचारायचं, श्रीनिवास आहे का?

आमच्या गॅरेजमध्ये दोन रीती होत्या. दोन्ही मीच पाडलेल्या.

पहिली रीत पिवळ्या खुणेची. कोणताही भाग खोलला की मी त्यावर पिवळ्या रंगाने खूण करायचो. डाव्या बाजूचा असेल तर ‘डा’, उजव्याचा असेल तर ‘उ’. बसवणाऱ्याने खूण बघून बसवायचं. वाद घालायचा नाही. फार पूर्वी एका मिस्त्रीने डोकं चालवून एका जीपची डावी-उजवी बाजू उलटी केली होती, तेव्हापासून मी हा कायदा केला होता. “अण्णांची पिवळी लागली की विषय संपला,” असं पोरं आपसात म्हणायची. मला ते ऐकून बरं वाटायचं.

दुसरी रीत तुळजापूरच्या घाटाची. सोलापूर म्हणजे सपाट गाव. ब्रेकचं काम केलेली गाडी सपाटीवर कितीही चांगली थांबली तरी मी सोडत नसे. तुळजापूरला न्यायची, देवीचं दर्शन घ्यायचं आणि येताना घाट उतरायचा. उतरताना गाडी चालवणार ब्रेकचं काम केलेला मिस्त्री, आणि गाडीत तो एकटाच असणार. गिऱ्हाईक मागच्या गाडीत. मिस्त्री खाली चहाच्या टपरीपाशी येऊन हसला की काम पास.

पेडल कडक होत नाही म्हटल्यावर आम्ही एकेक शंका काढत गेलो. आधी पाइपाचे जोड तपासले. कुठे गळती नव्हती. मग मास्टर सिलिंडर बदलला. पेडलचा जोर तेलाला देणारा पंप म्हणजे मास्टर सिलिंडर. कॅलिपर मोठे, त्यांना तेल जास्त लागतं, पंप लहान पडत असेल असा माझा हिशोब होता. मोठा पंप घातला. थोडा फरक पडला, पण पेडल तसंच मऊ. मागचे ब्रेक खोलून पाहिले. ठीक होते. तेलाचे डबे संपत गेले.

शनिवारी दुपारी पल्लवी आली. बारीक अंगाची, केस आखूड कापलेले, बोलणं थेट.

“काका, गाडी कशी वाटते?”

“गाडी छान झालीय. पेडल जरा मऊ आहे.”

“मऊ म्हणजे? थांबते ना?”

“थांबते,” मी म्हणालो. आणि मग एक असं वाक्य बोललो जे गिऱ्हाइकापेक्षा स्वतःची समजूत काढण्यासाठी होतं. “पॅड नवीन आहेत. डिस्कवर घासून अजून बसलेले नाहीत. घाटात चार वेळा तापले की पेडल वर येईल.”

श्रीनिवास हात पुसत बाजूला उभा होता. “अण्णा, अजून एकदा ब्लीड करू की,” तो म्हणाला.

“किती वेळा करायचं? काल केलं, आज केलं.”

“अजून मन भरंना झालंय माझं.”

“घाटात भरेल,” मी म्हणालो.

त्याने पाने गोळा करून पेटीत ठेवले.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. लाल गाडी श्रीनिवासकडे, मागे मान्यांची जीप, तिच्यात माने, पल्लवी आणि मी. जाताना रस्ता चढाचा, त्यामुळे ब्रेकची परीक्षा अशी काही झाली नाही. देवळात गर्दी होती. दर्शन झालं. मान्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि नारळ फोडला.

निघताना पल्लवी लाल गाडीच्या दुसऱ्या दाराशी जाऊन उभी राहिली.

“मी यात बसते.”

श्रीनिवासने माझ्याकडे पाहिलं. “अण्णा, उतरताना एकट्यानं…”

“आरं तिचीच गाडी हाय,” माने म्हणाले. “उद्या एकटी पुण्याला जाणार, आज तुज्या शेजारी बसली तर काय हुतंय?”

“साहेब, आमच्याकडे तशी रीत नाही.”

“काय अण्णा? तुमाला तुमच्याच कामाची खात्री न्हाय व्हय?”

ते हसत म्हणाले, पण मला ते लागलं. पेडल मऊ आहे हे मला माहीत होतं. श्रीनिवासचं मन भरलेलं नाही हेही माहीत होतं.

“बसू दे,” मी म्हणालो.

घाट काही मोठा नाही. रोज एसटी, ट्रक, ऊस भरलेले ट्रॅक्टर तिथून उतरतात. पहिली वळणं लाल गाडीने झोकात घेतली. आम्ही थोडं अंतर ठेवून मागे होतो. माने जीप चालवत होते आणि पल्लवी लहानपणी या गाडीचं स्टिअरिंग सोडत नसे त्याच्या गोष्टी सांगत होते.

मी ऐकत नव्हतो. मी पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे बघत होतो.

ड्रायव्हरने ब्रेक लावला की मागचा दिवा लागतो. वळणाआधी एकदा लागतो, गाडी हळू होते, दिवा विझतो. पहिल्या वळणांना तसंच झालं. मग एका वळणाला दिवा लागला, विझला आणि लगेच पुन्हा लागला. पुढच्या वळणाला लागला, विझला, लागला, विझला, लागला.

श्रीनिवास पेडल पंप करत होता. पहिल्या दाबाला काही मिळत नव्हतं म्हणून पुन्हा पुन्हा दाबत होता. सपाटीवर त्याला वेळ असतो. घाटात नसतो.

“काय ह्यो गडी,” माने म्हणाले. “दिवाळीच्या माळंवानी बत्ती मारतोय.”

“हॉर्न द्या,” मी म्हणालो.

“आं?”

“हॉर्न द्या साहेब. पुढं ट्रॅक्टर असेल तर बाजूला होईल. हॉर्न द्या!”

त्यांचं हसू गेलं. ते हॉर्न दाबून धरून बसले. लाल गाडीचा वेग कमी होत नव्हता. इंजिनाचा आवाज एकदम चढला, म्हणजे श्रीनिवासने गिअर खाली टाकला होता. गाडी मागून फेंगडली, म्हणजे हँडब्रेक ओढला होता. दिवा आता सारखा लुकलुकत होता. पुढे डावीकडे वळण, वळणाच्या तोंडाशी कठडा आणि कठड्यापलीकडे उतार.

डावीकडे डोंगराची कड होती, मधे पाणी जायची मातीची चारी. श्रीनिवासने गाडी मुद्दाम डावीकडे घातली. चाक चारीत उतरलं, गाडीची डावी कूस डोंगराला घासली, धूळ उडाली आणि आम्हाला काही दिसेनासं झालं. पत्र्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग तोही थांबला.

माने जीपमधून उतरून धावले. मीही धावलो. गुडघ्यांची तेव्हा आठवण झाली नाही.

पल्लवी उजवा हात छातीशी धरून बसली होती. मनगट सुजत चाललं होतं. श्रीनिवासचा ओठ फाटून रक्त येत होतं. गाडी कलंडलेली, पण दोघं जिवंत.

“मी ठीक आहे बाबा,” पल्लवी म्हणाली. “यांनी डोंगराला घातली म्हणून वाचलो.”

मान्यांनी तिला धरून बाहेर काढलं, जीपमध्ये बसवलं आणि परत आले. आल्या आल्या त्यांनी श्रीनिवासच्या शर्टाला हात घातला.

“बिरेक कुणी बसिवले?”

“मी बसवले.”

“माजी लेक बसलीवती त्यात! हवा काढाया आली न्हाय तुला?”

श्रीनिवासने फाटलेला ओठ बाहीला पुसला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी चाकाकडे बघत होतो. पुढचं डावं मडगार्ड फाटून निघालं होतं आणि चाक बाहेर वळलेलं होतं, त्यामुळे आतलं सगळं उघडं पडलं होतं. कॅलिपरवर माझ्या हाताने काढलेला पिवळा ‘डा’ स्वच्छ दिसत होता. आणि त्याच्या मागच्या अंगाला ते निपल. खाली तोंड करून.

हवा तेलात वर चढते. पाण्याच्या बाटलीतला बुडबुडा जसा वर जातो तशी. म्हणून हवा काढायची तोटी कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या जागी असावी लागते. ती खाली असेल तर कितीही ब्लीडिंग करा, खालून तेल निघत राहतं आणि हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहते.

त्या सेडानमध्ये कॅलिपर चाकाच्या पुढच्या बाजूला होते. या लाल गाडीत ते चाकाच्या मागच्या बाजूला येतात. त्यामुळे सेडानचा डावा कॅलिपर डावीकडेच बसवला की तो उलटा होतो आणि वरचं निपल खाली जातं. इथे डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे घालायला हवा होता. मी भंगार बाजारात ते काढले तेव्हा सवयीने, तिथे जे डावं त्याला ‘डा’ आणि जे उजवं त्याला ‘उ’ लिहून मोकळा झालो. इथे आणल्यावर विचार करायला हवा होता. मी केला नाही. श्रीनिवासने माझी खूण बघून बसवले. माझ्या गॅरेजच्या कायद्याप्रमाणे.

हे सगळं मला त्या चारीशेजारी उभं असताना, बोलायला लागतो त्याहून कमी वेळात कळलं.

“अण्णा, तुमी सांगा,” माने म्हणाले. “काय झालं?”

“हवा राहिली असणार,” मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. म्हणून तर बोलायला सोपं गेलं. मान्यांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला आणि श्रीनिवासचा शर्ट सोडून ते जीपकडे गेले.

पल्लवीच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लॅस्टर घातलं. तिचं पुण्याला जाणं लांबलं.

दुसऱ्या दिवशी श्रीनिवास आला. ओठावर टाका होता. माझ्यासमोर खुर्ची होती, पण तो बसला नाही. आपले स्वतःचे पाने वेगळे काढून त्याने पिशवीत भरले. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. थोडा वेळ तसाच उभा राहिला. मी काही बोलेन म्हणून उभा होता, असं आज मला वाटतं. तेव्हा मी फोनवर बोलत होतो. तो फोन मी लांबवला.

पुढच्या सुट्टीला गॅरेज बंद असताना मी एकटा तिथे गेलो. घाटातून ओढून आणलेली गाडी जॅकवर घेतली. दोन्ही कॅलिपर काढले, त्यांची अदलाबदल केली. निपलं वर आली. पेडल दाबायला कोणी नव्हतं, म्हणून निपल सैल करून तेल आपोआप गळू दिलं. नळीतून बुडबुडे आले. मोठाले, एकामागून एक. मग नुसतं तेल आलं. निपल बंद केलं आणि सीटवर बसून पेडल दाबलं. दगड.

उतरल्यावर चिंधी पेट्रोलमध्ये भिजवून मी दोन्ही कॅलिपरवरची पिवळी अक्षरं पुसून टाकली.

त्या दिवशी मी जमिनीवर पाठ टेकून चाकाखाली गेलो होतो. गुडघे दुखले, पण जाता आलं. आधीही जाता आलं असतं.

पत्र्याचं काम करून गाडी दिली. मान्यांनी ती घाटात स्वतः चालवून पाहिली आणि खूश झाले. “बगा, तुमी सोता हात लावला की काम कसं हुतंय,” ते म्हणाले. ही गोष्ट त्यांनी नातेपुत्यापासून सोलापूरपर्यंत सांगितली. गॅरेजवाल्यांमध्ये बातमी पसरायला वेळ लागत नाही. श्रीनिवास कामाला जाईल तिथे त्याला विचारायचे, “घाटवाला श्रीनिवास तूच का?” चारचाकीला हात लावू देईना कोणी. शेवटी जुळे सोलापूर या शहराच्या नव्या भागात एका दुचाकीच्या गॅरेजात तो लागला. स्कूटरचं ऑइल बदलायचं, चाकात हवा भरायची.

इतक्या वर्षांत मी त्याला एकदाही भेटायला गेलो नाही. रस्त्यात दिसला तर रिक्षावाल्याला दुसऱ्या गल्लीने घे म्हणायचो.

मागच्या वर्षी मी गॅरेज बंद केलं. आमच्या मिस्त्री लोकांनी एका छोट्या हॉलमध्ये माझा सत्कार ठेवला. पाहुणे म्हणून माने. शाल, नारळ, हार झाला आणि माने माइकसमोर उभे राहिले. त्यांनी नेमकी तीच गोष्ट सांगितली. घाट, लुकलुकणारी बत्ती, डोंगर. “पोरानं काशी केली आणि ह्या मानसानं एका दिसात सुदारली,” ते म्हणाले. लोक हसले. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत श्रीनिवासबरोबर काम केलेली माझीच जुनी पोरं बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. खाली बघत होती.

माइक माझ्या हातात आला. सांगायला तेवढी चांगली जागा पुन्हा मिळणार नव्हती. “सर्वांचे आभार,” असं म्हणून मी खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून मी जुळे सोलापूरला गेलो. श्रीनिवास एका मोटरसायकलची चेन साफ करत होता. केस पांढरे व्हायला लागले होते. मला बघून उठला.

“या अण्णा. बसा.” त्याने स्टूल पुसून पुढे केलं. “सत्कार झाला म्हणे.”

“श्रीनिवास, त्या दिवशी चूक तुझी नव्हती. कॅलिपर उलटे होते. खूण माझी चुकली होती.”

तो पुन्हा खाली बसला आणि चेनवर ब्रश फिरवू लागला.

“म्हाइताय,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“तितंच. घाटात. तुमी चाकाकडं बघालाव म्हणून मीबी बघितलो की.”

“मग बोलला का नाहीस?”

“मी काय बोलू? मार खाताना मिस्त्री म्हणतो मालकाची चूक हाय, कोण ऐकतंय? तुमी बोलताल म्हणून थांबलो.” ब्रश थांबला. “ब्लीडिंग करतानाबी निपल खाली बघून मला वेगळं वाटलतं. म्हटलं, पिवळी हाय अण्णांची, ह्या कंपनीचं असंच असंल. ती माझी चूक. तेवढी मी घेतो. बाकीची नाही.”

“बाकीची माझी. तेच सांगायला आलोय.”

“मला सांगून काय उपयोग अण्णा? मला म्हाइतच होतं. ज्यांना म्हाइत नाही त्यांना सांगा की.”

त्याच्याच दुकानाबाहेर उभं राहून मी मान्यांना फोन लावला. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सगळं सांगितलं. खुणेचं, निपलचं, पुसलेल्या अक्षरांचंही. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता.

“म्हंजी काल मी सगळ्यांम्होरं…” माने म्हणाले.

“हो.”

“आन् तुमी शाल घिऊन बसलाव.”

“हो.”

“आवो, पोरीच्या मनगटाचं मी कवाच इसरलो असतो. पर माज्या तोंडून त्या गड्याची अब्रू घालवलीत तुमी.” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. ते माझ्याशी आजतागायत बोलत नाहीत. ते बरोबरच आहे.

पण काही दिवसांनी पल्लवीचा फोन आला. तिला वडिलांकडून कळलं होतं. पहिला प्रश्न तिने विचारला, “श्रीनिवास कुठं काम करतात? गाडीचे पुढचे पॅड संपत आलेत.”

ती लाल गाडी घेऊन पुण्याहून आली आणि सरळ त्या दुचाकीच्या गॅरेजसमोर उभी केली. आजूबाजूला माणसं जमली. श्रीनिवासने मला बोलावून घेतलं होतं. पॅड बदलले, तेल नवीन भरायचं ठरलं. मी सवयीने ड्रायव्हरच्या सीटकडे वळलो.

“अण्णा,” श्रीनिवास म्हणाला, “आधी खाली वाकून बघा. मग पेडलवर बसा.”

लोक बघत होते. मी रस्त्यावर पोतं टाकून आडवा झालो आणि दोन्ही बाजूंनी पाहिलं. निपलं वर होती.

“वर आहेत,” मी म्हणालो.

“मोठ्यानं.”

“वर आहेत!”

मग आम्ही तुळजापूरला गेलो. घाट उतरताना गाडी श्रीनिवासकडे होती आणि शेजारी मी. ब्रेकचं काम दोघांनी केलं होतं, म्हणून दोघं. पल्लवी मागे दुसऱ्या गाडीत. त्या चारीपाशी आलो. मी दरवाज्याची दांडी धरून बसलो होतो. त्याने ब्रेक लावला, गाडी हळू झाली, वळण गेलं.

खाली टपरीपाशी पल्लवी उतरून आली. मी तिला विचारलं, मागून कसं दिसलं.

“प्रत्येक वळणाला लाइट एकदाच लागला,” ती म्हणाली.

श्रीनिवास हसला नाही, पण चहा त्यानेच सांगितला. त्या दिवसानंतर त्याच्याकडे पुन्हा चारचाकी येऊ लागल्या आहेत. थोड्या, पण येतात. ज्यांच्याकडे मान्यांची गोष्ट पोचली असेल त्यांच्यापर्यंत ही पोचावी म्हणून हे लिहिलं.

जे गॅरेज चालवतात त्यांच्यासाठी एवढंच: दुसऱ्या गाडीचे कॅलिपर घालताना डावं-उजवं अक्षर बघून ठरवू नका, निपल वर आलंय का ते बघा. आणि ते मालकाने स्वतः जमिनीवर आडवं होऊन बघावं. गुडघे दुखतात, पण जमतं.